माझे साडू आणि लाल पेन ड्राइव्ह

आमच्या सासुरवाडीत चार वर्षांपूर्वी एक नुकसान झालं. त्याचा दोष सगळ्या घराने माझ्या साडूंवर ठेवला, साडूंनी तो उभ्या उभ्या घेतला, आणि मी समोरच्या ताटात भात कालवत गप्प बसलो. दोष माझा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आता लिहायला बसलोच आहे तर आधी हे लिहून मोकळा होतो, म्हणजे पुढे साडूंचं जे कौतुक करणार आहे ते करताना लाच दिल्यासारखं वाटणार नाही. आणि कौतुक तर करायचंच आहे. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत जितक्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांत जितके कॉम्प्युटर चालू आहेत, त्या सगळ्यांत पेन ड्राइव्हला पाहुण्याचा मान देणारा माणूस एकच आहे. तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे.

साडू मुलुंड पूर्वेला राहतात, सासूबाईंच्याच इमारतीत, त्यांच्या एक मजला खाली. पेशाने लिफ्टवाले. तीस वर्षं भांडुप-मुलुंडच्या लिफ्ट त्यांनी दुरुस्त केल्या, आता दुरुस्त करणाऱ्यांवर देखरेख करतात. शिक्षण आयटीआय. कॉम्प्युटर त्यांना कुणी शिकवला नाही. एका ऑफिसने भंगारात काढलेला एक डबा त्यांनी लिफ्टच्या मोटरशेजारून उचलून घरी आणला, त्यावर लिनक्स चढवलं आणि त्या दिवसापासून ते दुसऱ्या कशाकडे वळून बघायला तयार नाहीत. लिनक्स म्हणजे काय, असं मी एकदा भोळेपणाने विचारलं होतं. ते म्हणाले, "साडूबुवा, बाकीचे कॉम्प्युटर म्हणजे सील केलेली लिफ्ट. बटण दाबा आणि गप उभे राहा. लिनक्समध्ये मशीन रूमची चावी आपल्याकडे." आम्ही दोघं एकमेकांना साडूबुवाच म्हणतो. पंचवीस वर्षांत अहो-जाहोच्या खाली उतरलो नाही. मुंबईत दोन माणसं पाच मिनिटांत 'अरे यार'वर येतात, पण लिफ्ट मजल्याला लागल्याशिवाय दार उघडायचं नाही हा साडूंचा धर्म आहे, आणि बहुतेक आमची लिफ्ट अजून मजल्याला लागलेली नाही.

त्यांचं खरं वेड म्हणजे पेन ड्राइव्ह. साध्या माणसाच्या घरी पेन ड्राइव्ह लावला की खिडकी उघडते आणि आतल्या फायली दिसतात. साडूंना हे अश्लील वाटतं. "कोण आहे, कुठून आलाय, काही विचारलं नाही आणि सरळ बेडरूममध्ये," असं ते म्हणतात. लिनक्समध्ये बाहेरून जोडलेली वस्तू एखाद्या फोल्डरच्या जागी 'माउंट' करावी लागते, म्हणजे तिला घरात एक जागा द्यावी लागते, आणि ती जागा कोणती, कुणी द्यायची, आपोआप द्यायची की विचारून, हे सगळं मालक ठरवू शकतो. साडूंनी ठरवलं. दोन महिने ऑफिसातून आल्यावर बनियनवर बसून त्यांनी नियम लिहिले. त्यांचं मूळ घर वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे फोल्डरांची नावं त्यांनी घरावरून ठेवली. अनोळखी पेन ड्राइव्ह आला की तो पडवीत. तिथे फक्त बघता येतं, तिथून कशाला हात लावता येत नाही. ओळखीचा असेल तर ओटीवर. घरच्यांचे तेवढे माजघरात. प्रत्येक पेन ड्राइव्हच्या पोटात एक लांबलचक क्रमांक असतो, त्यावरून मशीन त्याला ओळखतं आणि आपोआप आपल्या जागी नेऊन बसवतं. या आपोआप बसवण्याला साडू 'दाखल' म्हणतात आणि काढण्याला 'निरोप'. आणि हे सगळं स्पीकरवरून जाहीर होतं, साडूंच्याच आवाजात. ताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, पेन ड्राइव्ह लावला की आवाज येतो, "घरचं माणूस आलं." रीतसर काढायला सांगितलं की, "आता निघायला हरकत नाही." आणि न सांगता उपटला तर जरा दुखावलेल्या सुरात, "अहो, न सांगता निघालात."

एकदा त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी सभेची नोटीस छापायला पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यांचा प्रिंटर बिघडला होता आणि नोटीस त्याच दिवशी बोर्डावर लागायला हवी होती. साडूंनी पेन ड्राइव्ह हातात घेऊन उजेडाकडे धरला, चिठ्ठी बघावी तसा. "मध्ये कुठे थांबला होता?"

"म्हणजे?"

"तुमच्या घरून थेट आला की वाटेत कुठे लावलात?"

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, झेरॉक्सवाल्याकडे लावला होता सकाळी. त्याचाही बंद होता."

साडूंनी एक दीर्घ श्वास घेतला. पेन ड्राइव्ह पडवीत दाखल झाला. आत नोटिशीशेजारी झेरॉक्सवाल्याकडून आलेल्या तीन भलत्याच फायली होत्या, ज्यांनी लिनक्सचं काहीच बिघडत नव्हतं. तरी साडूंनी त्यांची नावं कागदावर लिहून सेक्रेटरींच्या हातात दिली आणि म्हणाले, "हे तुमच्याबरोबर राहताहेत. घरी सांगा." सेक्रेटरी पुढची नोटीस हाताने लिहून लावू लागले. मला हा प्रसंग सांगताना साडू हसले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की माणसाच्या घरात तिघे जण न कळवता राहतात हे त्याला सांगणं आपलं कर्तव्य आहे.

हेच शिस्तीचं वळण त्यांच्या अंगातही उतरलं आहे. साडू कुणाच्याही घरून एकदम उठून जात नाहीत. आधी जाहीर करतात, "आता निघायचा विचार आहे." मग प्रत्येक खोलीत जाऊन ज्याच्याशी बोलणं सुरू होतं त्याचं बोलणं संपवतात. मग विचारतात, "कुणाचं काही माझ्याकडे राहिलं का? माझं कुणाकडे?" त्यात एखाद्याची छत्री निघते, एखाद्याला सहा महिन्यांपूर्वीचा प्रश्न आठवतो. आमच्या बोरिवलीच्या घराच्या वास्तुशांतीला ते चपला घालून दारात उभे असताना माझ्या वडिलांनी त्यांना आपल्या हर्नियाच्या ऑपरेशनची हकीकत सांगायला सुरुवात केली. साडूंनी चपला काढल्या, आत येऊन बसले आणि ऑपरेशन टाके निघेपर्यंत ऐकलं. ताई खाली रिक्षात वीस मिनिटं बसून होत्या. वर येऊन म्हणाल्या, "चला ना आता, रिक्षावाला झोपला." साडू म्हणाले, "त्यांचं चालू होतं गं. चालू असताना काढायचं नसतं." वडील गेल्यावर मला कळलं की ती हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेणारे ते एकटेच होते. मीही ती पूर्ण ऐकलेली नव्हती.

पण साडूंची सगळ्यात सुंदर करामत होती ती सासूबाईंसाठी. सासरे वारले त्याआधी दोन वर्षं त्यांना विसरायला व्हायचं. साडूंनी त्यांना एक छोटा रेकॉर्डर आणून दिला आणि सांगितलं, आठवलं की यात बोलून ठेवा. सासरे त्या रेकॉर्डरच्या प्रेमातच पडले. दोन वर्षांत त्यांनी दीडशेच्या वर तुकडे बोलून ठेवले, आणि त्यांत तत्त्वज्ञान एका ओळीचंही नव्हतं. "एक, दूध. दोन, चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय. तीन... तीन काय होतं गो?" आणि मागे स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज, "कोथमीर." मग, "तीन, कोथमीर." असे तुकडे. कधी लिफ्ट बंद असल्याची तक्रार, जावई लिफ्टवाला असून. कधी नुसतंच, "आज काय सांगायचं नाही. सगळं आठवतंय."

ते गेल्यावर साडूंनी हे सगळं एका लाल पेन ड्राइव्हवर भरलं; रेकॉर्डर त्यानंतर लवकरच कायमचा बंद पडला. सासूबाईंना माउस धरता येत नाही, स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत. म्हणून साडूंनी त्यांच्या शोकेसमध्ये, स्टीलच्या पेल्यांमागे, एक जुना कॉम्प्युटर बसवला, स्क्रीनशिवाय, आणि पेन ड्राइव्ह लावायचं भोक शोकेसच्या लाकडात पुढे काढून दिलं. एका वाटीत तीन पेन ड्राइव्ह. हिरवा लावला की भजनं, निळा लावला की नातवंडांचे आवाज, लाल लावला की सासरे. दाखल होण्याचं, वाजायचं, सगळं आपोआप. आणि हे तिन्ही त्या मशीनवर नुसते वाचता येतील असेच बसायचे, त्यावर काही लिहिलं जायचं नाही, म्हणून सासूबाईंनी ते कसेही उपटले तरी काही बिघडायचं नाही. "आईंना कुठे शिस्त शिकवायची या वयात," साडू म्हणाले होते. "त्यांच्यासाठी शिस्त मशीनने पाळायची." त्यांच्या तोंडून असं सैल वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

रोज दुपारी चार वाजता सासूबाई भाजी निवडायला घेत आणि लाल पेन ड्राइव्ह लावत. सासरे बोलत, आणि त्या उत्तरं देत. "स्क्रू बसवून आणलात, पण कोथमीर विसरलातच." मी स्वतः हे बसून ऐकलं आहे. भाजी संपली की त्या पेन ड्राइव्ह खसकन ओढत, जसा पदर ओढावा, आणि वाटीत टाकत. ते खसकन ओढणं माझ्या डोक्यात राहिलं. असंच करतात, असं मी समजून बसलो.

आता माझा भाग.

सासूबाईंची पंचाहत्तरी येणार होती. माझ्या जुन्या फोनवर मला आमच्या वास्तुशांतीचा एक लांबलचक व्हिडिओ सापडला, त्यात सासरे जवळजवळ वीस मिनिटं बोलताना दिसत होते. तो लाल पेन ड्राइव्हवर टाकावा, म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी दुपारी चारला सासूबाईंना नवा आवाज ऐकू येईल, असं मला वाटलं. इथपर्यंत हेतू चांगला. पण मी अंधेरीला एका औषधाच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. तिथे कुणाकडून चूक झाली की त्याला मी फॉर्म भरायला लावतो: काय घडलं, का घडलं, कुणाकडून घडलं. तोच फॉर्म आज स्वतःचा भरतो आहे, तर 'का घडलं' हा रकाना रिकामा ठेवणार नाही. साडूंना विचारलं असतं तर त्यांनी दहा मिनिटांत व्यवस्थित भरून दिलं असतं. मला त्यांना विचारायचं नव्हतं. सासुरवाडीत आवाजाचं श्रेय त्यांचं होतं आणि त्यातला एक तुकडा मला माझा हवा होता.

एका रविवारी आम्ही जेवायला मुलुंडला गेलो. साडू बाजारात मासे आणायला गेले होते, म्हणजे निदान तासभर, कारण ते माशाचीही चौकशी करतात. ताई आणि माझी बायको वर सासूबाईंकडे वडे थापत होत्या. त्या दिवशी मला जेवायला थांबता येणार नव्हतं; ऑफिसातून फोन आला होता, कुठलीशी तपासणी लागली होती, आणि मी अंधेरीसाठी गाडी बोलावली होती. वाटीतून लाल पेन ड्राइव्ह उचलला, ऑफिसशी फोनवर बोलायला शांतता हवी असं सांगून ताईंकडून खालच्या घराची किल्ली मागून घेतली आणि साडूंच्या कॉम्प्युटरला लावला. सासऱ्यांना साडू दादा म्हणत. आवाज आला, "दादांचा आवाज आला. नक्कल सुरू." मग, "नक्कल पूर्ण." साडूंनी तिथे अशी सोय केली होती की लाल पेन ड्राइव्ह लावला की त्यावर जे आहे ते जसंच्या तसं त्यांच्या डिस्कवर उतरायचं. म्हणजे एक हरवला तर दुसरा. मला फार कौतुक वाटलं. मी व्हिडिओ टाकायला घेतला. पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली. इतक्यात फोन वाजला.

"सर, गेट पे खडा हूँ. पीछे से गाडी हॉर्न मार रही है."

"आया, आया."

"जल्दी करो सर, वॉचमन चिल्ला रहा है."

पट्टी संपली होती. मी पेन ड्राइव्ह ओढला, सासूबाई ओढत तसाच.

लिनक्समध्ये पट्टी संपली म्हणजे काम संपलं असं नसतं, हे मला नंतर कळलं. मशीन म्हणतं, ठीक आहे, घेतलं. पण ते अजून त्याच्या हातात असतं, पेन ड्राइव्हवर उतरायचं असतं. निरोप म्हणतात तो त्यासाठी. त्या रिकाम्या घरात साडूंचा आवाज म्हणाला, "अहो, न सांगता निघालात." मी दचकलो. घाबरून पेन ड्राइव्ह परत लावला. क्षणभर काही नाही, मग, "दादांचा आवाज आला. नक्कल सुरू." आणि लगेच, "नक्कल पूर्ण." मला हायसं वाटलं. पूर्ण म्हणतोय म्हणजे सगळं ठीक असणार. खरं म्हणजे मी ओढल्यामुळे पेन ड्राइव्हची आतली यादी फाटली होती आणि मशीनला तो कोरा दिसत होता. जसंच्या तसं उतरवायचं एवढंच त्याला शिकवलेलं, म्हणून त्याने कोरेपणाची नक्कल केली आणि डिस्कवरचे दीडशे तुकडे प्रामाणिकपणे पुसून टाकले. मी पेन ड्राइव्ह वर नेऊन वाटीत टाकला, किल्ली ताईंना दिली, सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसलो.

रविवारी पाहुणचारात सासूबाईंना भाजी निवडायला बसता आलं नव्हतं. सोमवारी संध्याकाळी ताईंचा माझ्या बायकोला फोन आला. "अगं, लाल लावला तर काहीच बोलत नाही. आई दोन तास पालक घेऊन बसलीय समोर." मी शेजारी पेपर वाचत होतो. पेपर तसाच धरून ठेवला.

पुढच्या रविवारी सगळे मुलुंडला जमलो. जेवण वाढून झालं होतं. साडू बसले नाहीत. हात धुवून आले, सासूबाईंच्या खुर्चीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आई, दादांचे आवाज गेले. चूक माझी आहे. मी मशीनला नक्कल करायला शिकवलं, नक्कल करण्याआधी विचारायला शिकवलं नाही. लिफ्टच्या दाराला मी दोन-दोन कुलपं लावतो, इथे एकच लावलं."

माझा मेव्हणा, सासूबाईंचा मुलगा, फाडकन म्हणाला, "तरी मी सांगत होतो, जिजाजी. ते लिनक्स-बिनक्स घरात नको. सगळ्यांसारखा साधा कॉम्प्युटर असता ना, वाट लागली नसती."

"बरोबर आहे तुझं," साडू म्हणाले.

"बरोबर काय बरोबर? बाबांचा आवाज होता तो. आपोआप होतं, आपोआप होतं म्हणून किती नाचलात."

ताई म्हणाल्या, "पुरे रे." माझ्या बायकोने साडूंकडे ज्या नजरेने बघितलं ती मला माझ्यासाठी घ्यायला हवी होती. मी म्हणायला हवं होतं, थांबा. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. मी भात कालवला.

सासूबाई एरवी आमच्याशी शुद्ध बोलतात. आतून काही हललं की मालवणीत जातात. त्या म्हणाल्या, "माणूस गेलो तां सोसलंय मां मी? मग आवाजाचा काय घेवन बसलात. जेवा आधी, आमटी निवता."

साडू जेवले. मान वर न करता, पण पूर्ण जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवरचे आपोआपचे सगळे नियम काढून टाकले. पडवी, ओटी, माजघर, सगळं. स्पीकरवरचा आवाजही. आता त्यांच्याकडे पेन ड्राइव्ह लावला की काहीच घडत नाही; ते स्वतः एक-एक ओळ टाइप करून त्याला जागा देतात आणि एक-एक ओळ टाइप करून काढतात. ज्या माणसाने मुलुंडमध्ये पेन ड्राइव्हला बोलायला शिकवलं, त्याच्या घरात सगळं मुकं झालं. घरातले लोकही त्यांना काही सांगेनासे झाले. मेव्हण्याने त्याचा कॉम्प्युटर दुरुस्तीला दुकानात दिला. माझ्या बायकोने लॅपटॉप बिघडल्यावर म्हटलं, "ताईच्या ह्यांना नको हं सांगू." तिथेही मी बरं म्हटलं.

साडू मात्र हरले नाहीत. पेन ड्राइव्हच्या आणि डिस्कच्या पोटात पुसलेल्या गोष्टींचे अवशेष राहतात म्हणे. वर्षभर ते उकरत बसले. दीडशेतून एकतीस तुकडे हाती लागले, नावाशिवाय, तारखेशिवाय, काही मधूनच तुटलेले. मग त्यांनी ते ऐकायला सुरुवात केली. सासऱ्यांचं बोलणं नव्हे, त्यामागचं. एका तुकड्यात मागे ढोल वाजतोय, म्हणजे गणपती. एकात शेजारच्या टॉवरच्या पायलिंगचे दणके आहेत, ते काम किती दिवस चाललं ते ताईंना आठवतं. एकात कुकरच्या शिट्ट्या, आणि शिट्टीचा सूर फाटलेला, म्हणजे रबर बदलण्याआधीचा. असं करत त्यांनी एकतीसच्या एकतीस तुकडे क्रमाने लावले. मी विचारलं, "क्रमाची काय गरज होती?" ते म्हणाले, "आईंना कळतं ना, साडूबुवा. दादा उलटसुलट बोलायला लागले तर त्यांना आणखी वाईट वाटेल."

आणि रोज दुपारी चारला, लिफ्टच्या साइटवरून स्कूटरने येऊन, ते वर जातात, शोकेसच्या कॉम्प्युटरला कीबोर्ड जोडतात, स्वतःच्या हाताने तो लाल पेन ड्राइव्ह दाखल करतात, सासूबाईंची भाजी होईपर्यंत बसतात आणि स्वतःच्या हाताने काढतात. तिथे आपोआप ठेवलं असतं तरी काही बिघडलं नसतं. त्यांना आता धीर होत नाही. तीन वर्षं झाली. त्यांच्या हाताखालचं माणूस मला एकदा म्हणालं, "साहेब चार वाजता गायब होतात, हॉस्पिटलची लिफ्ट अडकली तरी येत नाहीत." मी हसलो होतो.

गेल्या दिवाळीत मी हट्टाने माझा लॅपटॉप साडूंकडे दिला. बायको नको म्हणत होती. मला वाटलं, निदान एवढं तरी करावं. ते बोरिवलीला आले, दोन तासांत लिनक्स बसवलं आणि मला एकेक गोष्ट समजावून देऊ लागले. एका काळ्या खिडकीत त्यांनी बारीक अक्षरांची न संपणारी यादी उघडली.

"ही रोजनिशी, साडूबुवा. मशीन स्वतः लिहितं. पेन ड्राइव्ह किती वाजता आला, कोणता आला, किती वाजता गेला."

"न सांगता गेला तर?"

"तेही."

"आणि जुनी पानं?"

"इतरांकडे काही दिवसांनी पुसली जातात. मी माझ्याकडची पुसत नाही. पहिल्या दिवसापासूनची आहे सगळी."

ते यादी खाली सरकवत राहिले, शांतपणे, माझ्याकडे न बघता. मग म्हणाले, "चहा मिळेल का?"

मी स्वयंपाकघरात गेलो आणि गॅस न पेटवता उभा राहिलो. त्या रविवारी, पेन ड्राइव्ह उपटला तेव्हा, साडू मासळी बाजारात होते. किल्ली माझ्याकडे होती, ताईंनीच दिली होती. सोमवारी संध्याकाळी त्यांनी ही रोजनिशी उघडली असणारच. तो माणूस बंद पडलेल्या लिफ्टचं आधी रजिस्टर बघतो. म्हणजे ते सासूबाईंसमोर उभे राहिले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. ते खोटं बोलले नाहीत. आपल्या वाट्याची चूक त्यांनी शब्दाने शब्द सांगितली आणि माझ्या वाट्याची सोडून दिली. मेव्हणा बोलत होता तेव्हा त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नव्हतं. मला तेव्हा वाटलं होतं, शरमेने बघत नाहीत. आता वाटतं, त्यांनी बघितलं असतं तर बाकीच्यांनीही बघितलं असतं.

चहा घेऊन बाहेर आलो. त्यांनी यादी बंद केली होती. चहा प्यायले, कपबशी स्वतः आत ठेवली, आणि मला पेन ड्राइव्ह कसा काढायचा ते तीन वेळा करून दाखवलं. पहिलीतल्या मुलाला दाखवावं तसं, जराही टोचून नाही.

त्यानंतर मी पाच-सहा वेळा मुलुंडला गेलो आहे. लिंक रोडवर भांडुप येईपर्यंत वाक्य तयार असतं. वास्तुशांतीचा तो व्हिडिओही जुन्या फोनवर तसाच आहे; तो दाखवायचा तर आधी हे वाक्य बोलावं लागेल. सासूबाई आता एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, ऐकायला अजून नीट येतं. साडू त्यांच्याशेजारी बसलेले असतात, एकतीसातला एखादा तुकडा चालू असतो, आणि मी दोघांचं ऐकत बसतो. मेव्हणा अजून अधूनमधून साडूंना टोमणा मारतो. साडू "बरोबर आहे तुझं" म्हणतात.

लाल पेन ड्राइव्ह मी ओढला होता, हे मला सासूबाईंसमोर, साडूंसमोर आणि मेव्हण्याच्या तोंडावर सांगायचं आहे. तेवढं माझ्याकडून द्यायचं राहिलं आहे.